बाहेरचं कुलूप

आमच्या दोहातल्या घराच्या दाराला दोन कड्या होत्या. आतली माझी आणि बाहेरची ह्यांची. आतली मी लावली काय नि न लावली काय, सारखंच. कारण रोज सकाळी कामावर निघताना हे बाहेरच्या कडीला पितळेचं भलंथोरलं कुलूप घालायचे आणि संध्याकाळी परत आल्यावर काढायचे. मधल्या वेळात मी आत.

आता कुणालाही वाटेल, बाईचा नवरा संशयी असणार. छे, आमचे हे म्हणजे गरीब गाय. कुलपामागे त्यांचं आपलं एक साधं गणित होतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी तिकडे गेले तेव्हा मुशैरिबमधली आमची इमारत सगळी बॅचलरांची होती. बॅचलर म्हणजे बायकापोरं गावी ठेवून आलेले पुरुष. गवंडी, ड्रायव्हर, वेल्डर, एकेका खोलीत दहा-दहा. कुटुंबवाले आम्ही दोघं आणि वरच्या मजल्यावरचं रत्नागिरीकडचं एक मुसलमान जोडपं, एवढेच. मी नवीन असताना एका दुपारी कुणीतरी मजला चुकून आमचं दार दणादणा वाजवलं होतं. मी न्हाणीत जाऊन लपले आणि संध्याकाळी ह्यांना रडत सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, कुलूप आणलं. बाहेरून कुलूप दिसलं की आत बाई आहे हे कुणाला कळणारच नाही, असा त्यांचा डोक्यालिटीचा हिशेब. वर खिडक्यांच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं. नवऱ्याला केवढी काळजी आहे, म्हणून मी आईला पत्रातसुद्धा लिहिलं होतं.

कौतुक वर्षभर टिकलं. मग त्या पेपरांचे दोन्ही बाजूंचे मथळे पाठ झाले. एका काचेवर नखानं खरवडून मी रुपयाएवढं भोक पाडलं होतं. त्यातून समोरची भिंत दिसायची, आणि पाण्याचा टँकर यायचा तेव्हा त्याची वरची अर्धी बाजू. एसी बंद पडला की अंगातून पाण्याच्या धारा लागायच्या. ह्यांचं कामच एसी दुरुस्तीचं, उम्म सलालपर्यंतच्या साइटवर माणसं घेऊन जायचे, आणि बायको इकडे पदरानं वारा घेत बसलेली.

वरच्या रत्नागिरीवालीच्या मजल्यावर दुसरं कुणी राहत नव्हतं, म्हणून तिच्या दाराला कुलूप नव्हतं. दुपारी ती दोन जिने उतरून यायची आणि आमच्या दाराच्या पलीकडे पायरीवर बसायची. मी अलीकडे फरशीवर. "जेवलीस काय गो?" हा तिचा पहिला प्रश्न ठरलेला. मग तासभर दाराला पाठ लावून आम्ही बोलायचो. तुरुंगात भेटायला येतात ना नातेवाईक, तसं. तीच माझी दोहातली मैत्रीण, आणि कितीतरी महिने मी तिला फक्त शुक्रवारी, ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी, पाहिलं होतं.

मूल होत नव्हतं. दर रजेला गावी गेलं की डॉक्टर, उपास, अंगारे, सगळं झालं. शेवटी दत्तक घ्यायचं ठरलं तर घरात निराळाच गोंधळ. सासूबाईंचं म्हणणं, दत्तक घ्यायचा तर भावकीतला घ्या, थोरल्याला तीन मुलगे आहेत, त्यातला एक उचला. जसं काही मी आंब्याच्या पाटीतून आंबा उचलणार. मला कुणा दुसऱ्या आईचा मुलगा नको होता. ज्याला कुणीच नाही असं मूल हवं होतं. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आईसमोर तोंड उघडलं आणि आम्ही जिल्ह्याच्या गावी अनाथाश्रमात गेलो.

आम्ही गेलो होतो एका मुलासाठी. तिथल्या बाईंनी एक तीन वर्षांचा गोंडस पोरगा आणून उभा केला आणि त्याच्या सदऱ्याचं टोक धरून त्याची सात वर्षांची बहीणही आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. केस बारीक कापलेले, अंगात दुसऱ्या कुणाच्या मापाचा फ्रॉक. तिनं आमच्याकडे नीट बघून घेतलं, भावाला मागे ओढलं आणि मला विचारलं, "एकाला नेणार की दोघांना?"

बाजारात भाव विचारावा तशा स्वरात विचारलं हो पोरीनं. माझ्या तोंडून ह्यांच्याकडे न बघताच निघून गेलं, "दोघांना. मी स्वतः येईन न्यायला." ती म्हणाली, बरं. सदरा मात्र सोडला नाही.

तेव्हा लगेच नेता येत नव्हतं. आश्रमातलं मूल दत्तक द्यायला कोर्टाची परवानगी लागते, त्याला महिने जाणार होते आणि ह्यांची रजा संपली होती. आम्ही परत आलो. ह्यांनी कुलूप लावलं आणि मी आत बसून दोन मापांचे कपडे शिवायला घेतले. मशीन हातानं फिरवायची होती. अंदाजानंच शिवायची आणि दर दोन महिन्यांनी पोरं वाढली असतील म्हणून शिवण उसवून इंच इंच वाढवायची. रत्नागिरीवाली पलीकडून हसायची, अगो, पोरं यायच्या आधीच त्यांना म्हातारी करशील. हसण्याची सोय होती म्हणून ते दिवस गेले.

परवानगी आली तेव्हा वर्ष उलटलं होतं. वकिलांनी कळवलं, या आणि मुलं घेऊन जा. मी बॅग भरायला घेतली. संध्याकाळी हे आले ते खाली मान घालूनच.

कतारमधून बाहेर पडायचं तर ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा त्या मालकाच्या, म्हणजे कफिलाच्या, परवानगीचा कागद लागतो. आम्ही त्याला एक्झिट म्हणायचो. पासपोर्टही कंपनीच्याच कपाटात. त्या सुमारास ह्यांच्या कंपनीतले दोन जण रजेवर म्हणून गेले ते परत आलेच नव्हते. म्हणून मॅनेजरनं नवा नियम काढला होता. मॅनेजर आपल्याच देशाचा बरं का, अरबांच्या नावानं उगाच खडे नको फोडायला. त्यानं ह्यांना सांगितलं, "फॅमिली इधर रहेगी, तो आदमी वापस आएगा." ह्यांना एक्झिट मिळणार होती. मला नाही.

म्हणजे मी गहाण. सोन्याची पाटली ठेवतात सावकाराकडे, तशी. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, मला त्याच्यापुढे उभी करा, मी बोलते. हे म्हणाले, ऑफिसात बायकांना येऊ देत नाहीत. मग मी म्हटलं, तुम्हीही जाऊ नका, दोघांना एक्झिट मिळेल तेव्हा जाऊ. ह्यांनी वकिलांचं पत्र पुढे केलं. जास्त उशीर केला तर परवानगीचं काय होईल सांगता येत नाही, आश्रमाकडे दुसरं एक जोडपं फक्त मुलासाठी विचारून गेलं होतं. फक्त मुलासाठी. मला तो सदऱ्याचं टोक धरलेला हात दिसला आणि बॅगेतले माझे कपडे मी बाहेर काढले.

पत्रात आणखीही एक गोष्ट होती. पत्नीनं समक्ष यायलाच हवं असं नाही, तिची लेखी संमती पुरे. दत्तक घेतो नवरा, बायको संमती देते, कायदा असा आहे म्हणे. वकिलातीत नेऊन ह्यांनी माझी सही घेतली. सही करताना मला कळलं की आई व्हायला मी लागतच नव्हते. मी त्या टेबलापाशीच रडले आणि तिथला कारकून खिडकीबाहेर बघत बसला.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो पुढेच होता. हे जायचे म्हटल्यावर कुलपाचं काय? मी म्हटलं, मी आतून कडी लावीन, मला काय कुणी खातंय का. पण ह्यांचा जीव घाबरा. नवरा गावाला गेलाय हे बॅचलरांना कळलं तर, आतून आवाज आला तर, एक ना दोन. शेवटी चावी वरच्या मजल्यावर गेली, रत्नागिरीवालीच्या नवऱ्याकडे. म्हणजे माझा नवरा माझी मुलं आणायला गेला आणि मला कोंडायला दुसरीचा नवरा ठेवला. बिचारा सज्जन माणूस. संध्याकाळी कुलूप काढायचा, भाजीची पिशवी उंबऱ्यात ठेवायचा, मी कचरा टाकून येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, आणि पुन्हा कुलूप लावताना दर वेळी माफ करा वहिनी म्हणायचा. मला त्याचा एवढा राग यायचा की त्यानं आणलेली वांगी मी आठवडाभर जाळूनच शिजवली.

आणि तिकडे गावी दत्तकविधान झालं. आश्रमाच्या बाईंनी मुलांचे हात ह्यांच्या हातात दिले, धाकट्याला मांडीवर बसवलं. माझ्या ओटीत कुणीच काही घातलं नाही. ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी मी इकडे विधीसाठी ठेवलेली हिरवी साडी नेसून, कुंकू लावून, पेपर चिकटवलेल्या खिडकीखाली नुसती बसून होते. दाराच्या पलीकडून मैत्रिणीनं हाक मारली तरी ओ दिली नाही.

मुलांच्या व्हिसाला मात्र अडचण आली नाही. आम्ही धास्तावलो होतो, पण मॅनेजरनंच धावपळ करून काम करवून घेतलं. त्याच्या हिशेबात ते बरोबरच होतं, बायको आणि वर दोन पोरं म्हटल्यावर हा माणूस कुठे पळतोय. गहाणात भरच पडत होती.

मुलं आली तो दिवस अजून लख्ख आठवतो. मी दारामागे उभी. जिन्यात पावलं वाजली, ह्यांचा आवाज आला, मग वरच्या भाईंनी उतरून येऊन चावी दिली. मग कुलपाचा तो आवाज. दार उघडलं तेव्हा उंबऱ्यापलीकडे पोरगी उभी, भावाचा सदरा मुठीत. ती माझ्याकडे बघत नव्हती. ह्यांच्या हातातल्या कुलपाकडे बघत होती.

मी तिला जवळ घ्यायला वाकले तर ती अर्धं पाऊल मागे सरली. "तुम्ही येणार म्हणाला होतात," एवढंच बोलली. मी काय सांगणार होते तिला? एक्झिट? कफील? मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे म्हणाले, गावी पण तिनं विचारलं होतं, ती बाई का आली नाही म्हणून. ह्यांनी तिला सांगितलं होतं, बाईला सोडत नाहीत.

ह्यांना चार दिवस घरी राहायला मिळालं. त्या चार दिवसांत धाकटा ह्यांच्या अंगाखांद्यावर खेळायला लागला, खबूस, म्हणजे तिकडची रोटी, दुधात कुस्करून खायला लागला, माझ्याही मांडीवर येऊन झोपला. लहान मूल ते, त्याला काय. पोरगी मात्र ह्यांना बाबा म्हणायची आणि मला बाई. आश्रमातल्या बाईंना म्हणायची तसं. बाई, पाणी देता का. बाई, त्याला शी लागलीये. उशीखाली खबुसाचे तुकडे लपवून ठेवायची. मी शिवलेला फ्रॉक तिला इंचभर मोठा झाला होता, तरी तिनं निमूट घातला. हट्ट नाही, रडणं नाही. पाहुण्यांच्या घरी आलेलं मूल जेवढं शहाण्यासारखं वागतं तेवढंच ती वागत होती, आणि मला ते शहाणपण बघवत नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, तिनं मला बाईच म्हणायचं ठरवलंय. हे म्हणाले, वेळ दे. वेळेला काय तोटा होता आमच्याकडे.

पाचव्या दिवशी हे कामावर निघाले. डबा घेतला, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला, दार ओढून घेतलं आणि सवयीप्रमाणे कुलूप घातलं. त्यांच्याही मनात काही आलं नसणार, माझ्याही नाही. इतक्या वर्षांत तो आवाज मला ऐकूच येईनासा झाला होता.

पोरीला आला. ती हातातली पेन्सिल टाकून उठली, दारापाशी गेली, दार ओढून पाहिलं. मग भावाला घेऊन माझ्याकडे आली. मी तांदूळ निवडत होते. ती माझ्यासमोर बसली आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही काय केलं होतं?"

मला कळेना. ती समजावल्यासारखी सांगत गेली. आश्रमात अंथरूण ओलं केलं, नाहीतर कोठीतली भाकरी चोरली, की सामानाच्या खोलीत कोंडायचे. ती दोनदा आत होती, दोन्ही वेळा भावासाठी भाकरी उचलली म्हणून. मग तिनं माझ्या हातातलं ताट बाजूला ठेवलं, कारण माझ्या डोळ्यांतलं पाणी तांदळात पडत होतं, आणि म्हणाली, "रडायचं नाही. रडलं की जास्त वेळ ठेवतात."

आजवर मला पुष्कळांनी धीर दिलाय. पण तसा कुणी नाही. आठ वर्षांची पोर मला तुरुंगात दिवस कसे काढायचे ते शिकवत होती, आणि तिला वाटत होतं की तिला आणि तिच्या भावाला आणून टाकलंय ते माझ्याच कोठडीत. पोरीचं चुकत कुठे होतं?

मी उठले. कमरेला पदर खोचला आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. धाकटा भोकाड पसरून रडायला लागला. पोरीनं क्षणभर माझ्याकडे वेड लागलंय का अशा नजरेनं पाहिलं, आणि मग तीही लाथा घालायला लागली. इतक्या वर्षांत त्या घरातून मोठा आवाज म्हणून बाहेर गेला नव्हता. सगळी वसुली त्या दिवशी झाली.

समोरच्या फ्लॅटमधले रात्रपाळीवाले उठले. जिन्यात गलका झाला, कुणीतरी हिंदीत विचारलं, आग लगी क्या. मी मराठीतच ओरडले की दार उघडा. मग एक घोगरा आवाज आला, अगदी साताऱ्याकडचा, "वैनी, पोरास्नी घिऊन जरा मागं सरा." छिन्नी-हातोडा आणला असावा. पाच-सात ठोके बसले आणि कोयंडा कुलपासकट खाली आला.

दारात लुंगी-बनियनवर चार-पाच पुरुष उभे. ज्यांच्या भीतीनं मी उजेड विसरले, ते हे. माझ्याकडे न बघता सगळे जिन्याच्या कठड्याला चिकटून बाजूला झाले. मी विचारलं, आत कुणी आहे हे ठाऊक होतं का तुम्हाला. तो साताऱ्याकडचा म्हातारा गालातल्या गालात हसला. म्हणाला, "असंना का कुलूप. फोडणीचा वास येतोय न्हवं रोज. म्हनून तर आमी जिन्यात हळू बोलतो."

मला हसावं की रडावं कळेना. मी दोघांना घेऊन खाली उतरले. दिवसाउजेडी, नवऱ्याशिवाय, पहिल्यांदा. वरची मैत्रीण बुरखा सावरत मागून धावत आली. ऊन असं की डोळे उघडवेनात. आम्ही बकाल्यापर्यंत गेलो, पोरांना संत्र्याचं सरबत घेतलं, टँकरवाला नळी लावत होता तिथे उभं राहून तो सबंध टँकर खालपासून वरपर्यंत पाहिला. पोरगी वारंवार मागे वळून बघत होती, आपल्याला पकडायला कुणी येतंय का म्हणून.

संध्याकाळी हे आले. जिन्यातच त्यांना कोयंडा पडलेला दिसला असणार, कारण धावत वर आले आणि उघड्या दारात पांढरेफटक होऊन उभे राहिले. कुणी तोडलं, काय झालं, तुम्ही सगळी बरी आहात ना, एका दमात विचारत सुटले. मी दिवसभर मनात तयार केलेलं भांडण बाहेर काढायला तोंड उघडलं.

पण पोरगी माझ्या आधी उठली. धाकटा फरशीवर बसला होता, त्याचा सदरा सोडून ती एकटीच पुढे गेली आणि ह्यांच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली. ह्यांना घाबरत होती. मागे हात करून तिनं माझ्या निऱ्या मुठीत धरल्या होत्या.

"तिला परत कोंडू नका," ती म्हणाली. "आईनं काहीच केलं नव्हतं."